रेडिएटर नवा बसवला तरी गाडी तापतेच? मग तो उतरवताना काय राहून गेलं ते बघा

मार्च लागला की आमच्या गाडीचं दुखणं डोकं वर काढायचं. गाडी २०१३ सालची, पेट्रोल हॅचबॅक. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की टेंपरेचरचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागायचा. तुळजापूरच्या घाटात पुढे ट्रक आला आणि दुसऱ्या गिअरवर चढावं लागलं की थेट लाल पट्टीजवळ. एसी बंद केला की दोन-तीन मिनिटांत काटा खाली. पुण्याच्या हायवेला मात्र मोहोळ, टेंभुर्णी ओलांडून जाईपर्यंत ८०-९० च्या वेगात तो जागचा हलत नसे.

हे सलग तीन उन्हाळे चाललं. पहिल्या वर्षी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलला. दुसऱ्या वर्षी थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारी झडप. तिसऱ्या वर्षी एका गॅरेजनं अख्खा रेडिएटरच नवा घातला. तीन आठवडे बरे गेले, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा तापली, आधीपेक्षा जास्त. नवा रेडिएटर घालून गाडी आधीपेक्षा जास्त तापते, हे मला पटत नव्हतं. म्हणून यंदा शेजारच्या अण्णांना बरोबर घेऊन रेडिएटर स्वतः उतरवला. अण्णांची पूर्ण हयात गॅरेजात गेली. आता ते काम करत नाहीत, पण बोनेट उघडलेलं दिसलं की चहा ठेवून उठतात.

सोलापुरात हे दुखणं फार गाड्यांना आहे, आणि बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. माझे गेले तसे इतरांचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उतरवण्याआधी: गाडी कधी तापते ते नीट आठवा

अण्णांनी पाना हातात घेण्याआधी मला एकच प्रश्न विचारला, "उभी राहिल्यावर तापते का पळताना तापते?" निम्मं निदान या प्रश्नातच होतं.

गाडी पळत असताना समोरून वारा आपोआप रेडिएटरच्या जाळीतून जातो, पंख्याची गरजच पडत नाही. तरीही हायवेला काटा वर जात असेल तर गडबड पाण्याच्या बाजूला असते: आतल्या नळ्या क्षारानं बुजल्यात, वॉटर पंप थकलाय किंवा इंजिन जोरात फिरताना खालचा होजपाइप आत दबून चिकटतोय. याउलट हायवेला शांत, पण सिग्नलला आणि घाटात तापणारी गाडी हवेच्या बाजूनं आजारी असते. पंखा बंद आहे, हळू फिरतोय, नाहीतर हवा जाळीतून जाण्याऐवजी भलतीकडून पळतेय. माझी गाडी या दुसऱ्या प्रकारची होती. तरी तीन वर्षं सगळे पाण्याच्याच बाजूला शोधत राहिले, आणि मीही त्यांच्या मागे फिरत राहिलो.

पंखा तपासणं सोपं आहे. गाडी चालू ठेवून एसी लावा आणि वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या ग्रिलवर धरा. पंख्याची ओढ नीट असेल तर पान चिकटून राहतं. माझ्या गाडीला पान मध्यभागी चिकटायचं, पण कडेला नुसतं फडफडायचं. त्या फडफडीचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

कूलंट दर आठवड्याला कमी होतोय, खाली ठिपका मात्र पडत नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, किंवा टोपण उघडं ठेवून गाडी सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे थांबतच नाहीत, अशी लक्षणं असतील तर रेडिएटरला हात लावू नका. ते हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलचं काम आहे, घराच्या अंगणात होत नाही.

सोलापूरचं पाणी आणि बोअरची सवय

नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून घरोघरी बोअर. गाडी तापली की हाताला येतं तेही बोअरचंच पाणी. आपल्या काळ्या दगडातलं हे पाणी जड. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि या नळ्या आतून जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद असतात. नुसत्या पाण्यात गंजरोधक नसल्यामुळे ॲल्युमिनियम आतून खातं, ते वेगळंच.

रस्त्यात अडकलात आणि दुसरं काहीच नसेल तर बोअरचं पाणी घाला, इंजिन वाचवा. पण घरी आल्यावर ते काढून टाका. बाटलीवर 'रेडी टू यूज' लिहिलेला कूलंट तसाच ओतायचा. घट्ट कूलंट असेल तर निम्मा कूलंट आणि निम्मं बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर.

टोपणाकडेही बघा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. ०.९ च्या टोपणाखाली साधं पाणीसुद्धा १०० ला न उकळता साधारण ११८ अंशांना उकळतं. टोपणाचं रबर कडक झालं की हा दाब टिकत नाही आणि गाडी घाटात उकळते. टोपण स्वस्त असतं, रबराला चीर दिसली तर विचार न करता बदला. आणि इंजिन गरम असताना ते कधीही उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. अण्णांच्या उजव्या मनगटावर त्याचा चाळीस वर्षांपूर्वीचा डाग आहे.

रेडिएटर उतरवताना

आम्ही रविवारी सकाळी सहाला सुरुवात केली. गाडी रात्रभर थंड झालेली होती, आणि आठनंतर अंगणात उभं राहवत नाही.

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो आणि तेव्हा बोटं तिथंच असतात. मग गाडीचं तोंड जॅकनं उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

खाली पसरट घमेलं ठेवून ड्रेन प्लग फिरवला. तो प्लॅस्टिकचा असतो आणि दहा वर्षांच्या उन्हानं ठिसूळ होतो. हातानं फिरला नाही तर पकड लावून जोर करू नका, तुटला तर रेडिएटरची खालची टाकीच गेली. सरळ खालचा होजपाइप सोडवा, पाणी तिथूनही निघतं. निघालेला कूलंट मोजून ठेवा, परत भरताना किती जायला हवा याचा अंदाज येतो. आमच्या घमेल्यात तीन लिटरच्या आसपास आला, उरलेला इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतो. हा कूलंट विषारी असतो आणि चवीला गोड लागतो. गल्लीतली कुत्री तो चाटतात आणि मरतात. तो गटारीत किंवा मातीत ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, गॅरेजवाले जुनं ऑइल देतात तिथं द्या.

वरचा होजपाइप जागेवर चिकटलेला होता. अशा वेळी हात शिवशिवतो, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावा वाटतं. तसं केलं की प्लॅस्टिकची मान चिरते, आणि ती चीर पाणी भरल्यावरच दिसते. क्लिप मागे सरकवून पाइप पकडीनं हलकेच डावी-उजवीकडे पिळायचा, ओढायचा नाही. पाइप बदलायचाच असेल तर ब्लेडनं लांबीत चिरून सोलून काढा.

मग पंख्याचा कनेक्टर, पंख्याच्या फ्रेमचे वरचे दोन दहाचे बोल्ट आणि जादा कूलंटच्या डबीकडे जाणारी बारीक नळी. पंखा फ्रेमसकट वर निघून येतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑइलच्या दोन नळ्याही रेडिएटरला जोडलेल्या असू शकतात. त्या सोडवल्या तर तोंडं लगेच बंद करा, ऑइलमध्ये धूळ जाता कामा नये.

आता कंडेन्सर. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे, त्याला चिकटूनच बसवलेला असतो. त्याच्या नळ्यांना हात लावायचा नाही, आत दाबाखालचा गॅस आहे. फक्त रेडिएटरशी जोडणारे स्क्रू काढायचे आणि कंडेन्सर पुढच्या पट्टीला सुतळीनं बांधून ठेवायचा, म्हणजे तो नळ्यांवर लोंबकळत नाही. दोघांच्या मधे पुठ्ठा सरकवा, नाहीतर उचलताना जाळ्या एकमेकींना घासून दुमडतात.

वरच्या दोन ब्रॅकेट काढल्यावर रेडिएटर खाली दोन रबरी बुशांवर नुसता उभा असतो. सरळ वर उचलायचा. बुश खालीच राहिले का रेडिएटरला चिकटून आले ते लगेच बघून ठेवा. एक बुश हरवला तरी रेडिएटर कंप घेतो आणि सहा महिन्यांत टाकीच्या कडेनं गळायला लागतो.

जे सापडलं

रेडिएटर उचलून पालथा केला आणि आम्ही दोघं गप्प झालो. पुढची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर राखाडी रंगाचा एक अख्खा थर होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा. अण्णांनी कोपऱ्यात नख घालून ओढला तर तो सलग सुटून आला, हातभर लांब. मागच्या बाजूला जाळीच्या प्रत्येक पात्याचा ठसा उमटलेला. मी तो उजेडात धरला. आत हिरवे आणि तांबडे बारीक धागे होते.

ते धागे मी ओळखले. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करतो आणि गाडी दिवसभर शेडच्या एक्झॉस्ट पंख्यासमोर उभी असते. यंत्रमागाच्या शेडमधून सुताची लव चोवीस तास बाहेर पडते. जानेवारीत हिरव्या-तांबड्या टॉवेलांचा मोठा लॉट काढला होता. तो रंग माझ्या रेडिएटरवर बसला होता.

पण हा रेडिएटर अवघ्या एका वर्षाचा. शिवाय त्याच्या पुढे कंडेन्सर आहे. लव आधी कंडेन्सरवर अडकायला हवी, इतकी मागे आली कशी? अण्णांनी मला मधल्या फटीच्या कडेला बोट फिरवायला सांगितलं. "हितं काय लागतंय का बघ."

काहीच लागलं नाही. नुसता वाळलेल्या गोंदाचा एक पट्टा.

तिथं फोमची पट्टी असायला हवी होती. गाडी नवी येते तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट वरून आणि दोन्ही कडांनी फोमनं बंद केलेली असते. मागच्या वर्षी रेडिएटर बदलताना जुन्याबरोबर ती पट्टी फाटून गेली आणि नवा बसवताना कुणी लावली नाही. दिसायला ती कचऱ्यासारखीच असते. काळी, चुरा झालेली. ती टाकून द्यावीशी वाटणं मी समजू शकतो.

मागच्या वर्षापासूनचा गुंता त्या फटीत होता. हवा सोप्या वाटेनं जाते. कड उघडी असली की पंखा समोरून कंडेन्सरमधून हवा ओढण्याऐवजी कडेच्या फटीतून ओढतो. गाडी उभी असताना तर इंजिनवर फेकलेली गरम हवाच वळून फटीतून पुन्हा पुढे येते. बाहेर ४२ अंश, आणि जाळीला मिळतेय त्याहूनही तापलेली, एकदा वापरलेली हवा. हायवेला पुढून वाऱ्याचा दाब इतका असतो की ती मागे वळूच शकत नाही, म्हणून तिथं काटा शांत. आणि त्याच उघड्या कडेनं लव कंडेन्सरला वळसा घालून थेट रेडिएटरवर येऊन बसत होती. वर्तमानपत्राचं पान कडेला का फडफडत होतं ते आता कळलं.

त्याआधीची दोन वर्षं तरी गाडी का तापत होती? कंडेन्सरला मागून टॉर्च लावल्यावर तेही दिसलं. त्याच्याही तोंडावर लव आणि वाळलेल्या चिखलाचा थर होता, उजेड पलीकडे जातच नव्हता. नवा रेडिएटर त्या बुजलेल्या कंडेन्सरमागेच बसवला होता. सर्व्हिसिंगला पुढून जोराच्या पाण्याचा फवारा मारतात, त्यानं हा थर निघत नाही, उलट आत ठोकून बसतो.

साफसफाई

पाणी नेहमी मागून पुढे मारायचं, म्हणजे इंजिनाच्या बाजूनं. कचरा जिकडून आला तिकडूनच बाहेर जातो. साध्या नळीचं पाणी, जोराचा फवारा नको, जाळीची पाती कागदासारखी दुमडतात. आधी कोरडी लव हातानं सोलून काढली, मग मऊ ब्रशनं उभ्या दिशेत झाडलं, शेवटी पाणी. भिजवून सुरुवात केली असती तर लवेचा लगदा झाला असता. कंडेन्सर जागेवर बांधलेला ठेवूनच मागून तसाच धुतला. त्याला तासभर गेला, पण टॉर्चचा उजेड पलीकडे दिसायला लागला.

आतून रेडिएटर कसा आहे ते अण्णांनी त्यांच्या पद्धतीनं पाहिलं. खालच्या तोंडावर तळवा दाबून वरून काठोकाठ पाणी भरलं आणि तळवा काढला. पाणी भसकन् एकदम पडलं तर नळ्या मोकळ्या, धार बारीक होत रेंगाळली तर बुजलेल्या. आमचं भसकन् पडलं.

तुमच्या रेडिएटरमध्ये टॉर्च मारल्यावर नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर घरगुती उपायांपासून लांब राहा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, संडास धुवायचं ॲसिडही खातं. पूर्वीचे पितळी रेडिएटर टाकी उघडून, आत सळई फिरवून साफ करत, त्याला रॉडिंग म्हणायचे. आजच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी कडा दाबून बसवलेली असते, तिथं ते काम धड होत नाही. थर कमी असेल तर बाजारातलं रेडिएटर फ्लश बाटलीवर लिहिलंय तसं वापरा, जास्त असेल तर रेडिएटर बदला.

परत बसवताना

फोमची पट्टी सीट कव्हरच्या दुकानात मिळाली, मागून चिकट असलेली. बंद छिद्रांचा फोम मागा. स्पंजसारखा पाणी पिणारा घेतला तर तो पहिल्याच पावसात चिखल धरून बसतो. जाडी फटीपेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे दोन्ही जाळ्या जवळ आल्यावर तो दाबून बसतो. जुना गोंद खरवडून, कड पेट्रोलच्या फडक्यानं पुसून, पूर्ण वाळू देऊन मगच चिकटवा. खालची बाजू आम्ही मोकळी ठेवली, कारण आमच्या गाडीत कंपनीनंच ती मोकळी सोडलेली होती, गोंदाचा पट्टा तिथं नव्हताच. तुमच्या गाडीत गोंदाचा माग बघून ठरवा.

बाकी सगळं उलट क्रमानं. कूलंट हळूहळू ओतला, वरचा पाइप मधूनमधून हातानं दाबत, म्हणजे अडकलेली हवा निघते. मग टोपण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून गाडी चालू केली. वरचा पाइप गरम झाला, बऱ्याच वेळानं खालचाही झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबलो, पातळी खाली गेली तशी भरत गेलो, मग टोपण लावलं. हवा काढायचा स्क्रू असलेली गाडी असेल तर तो वापरा. आत हवेचा फुगा राहिला तर सगळं नवं असूनही गाडी तापते आणि पुन्हा रेडिएटरवरच खापर फुटतं.

थर्मोस्टॅटबद्दलही सांगतो. 'काढूनच टाका, उन्हाळ्यात गरज नाही' असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो घेऊ नका. इंजिन मग कधीच नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि खरा दोष झाकला जातो.

शेवटी अण्णांनी एक तपासणी करायला लावली, ती मला सगळ्यात आवडली. काडीच्या टोकाला वीतभर सूत बांधायचं, गाडी चालू करून एसी लावायचा आणि ते सूत वरच्या फटीजवळ इंजिनाच्या बाजूनं धरायचं, पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवून. फट उघडी असेल तर सूत आत ओढलं जातं. आमचं सूत सरळ खाली लोंबत राहिलं.

पुढच्या रविवारी दुपारी एक वाजता मुद्दाम तुळजापूरला निघालो. आई मागे, एसी चालू. घाटात पुढे उसाचा रिकामा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा, आणि ओव्हरटेक करायला जागा नव्हती. दुसऱ्या गिअरवर वर गेलो. काटा मधल्या रेघेच्या जरासा वर आला आणि तिथंच थांबला.

कारखान्यात आता गाडी वॉचमनच्या खोलीमागे लावतो, एक्झॉस्टच्या उलट बाजूला. पाचशे किलोमीटर झाल्यावर बोनेट उघडून क्लिपा पुन्हा आवळल्या, डबीतली पातळी होती तिथंच होती. फोम डाव्या वरच्या कोपऱ्यात बोटभर सुटला होता, तो परत चिकटवला.